ओटीपी दिलाच नाही, तरी पैसे गेले कसे?

ताई, तुमचा प्रश्न लांब आहे, आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. गोव्यात पेडण्याला तुमच्या सासऱ्यांना वीज खात्याच्या नावाने मेसेज आला, आज रात्री साडेनऊला कनेक्शन तोडणार म्हणून. त्यांनी मेसेजमधल्या नंबरला फोन लावला, पलीकडच्याने व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली, ती इन्स्टॉल करून दहा रुपये भरायला लावले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खातं जवळजवळ रिकामं. ओटीपी मी कोणालाच सांगितला नाही असं ते देवाची शपथ घेऊन सांगतायत आणि घरात कोणी विश्वास ठेवत नाही. दुसरा प्रश्न असा की तुम्ही मोरजीला खोल्या भाड्याने देता, बुकिंग सगळं ऑनलाइन, तर पाहुण्यांची माहितीही अशीच जाऊ शकते का.

पहिलं म्हणजे सासऱ्यांवर विश्वास ठेवा. मी म्हापशात बसून लहान हॉटेलं, गेस्ट हाऊस, एकदोन दवाखाने यांचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतो, त्यामुळे अशी फसलेली माणसं पोलिसांकडे जायच्या आधी किंवा जाऊन आल्यावर माझ्याकडे फोन घेऊन येतात. ओटीपी दिला नाही म्हणणारी बरीचशी माणसं खरंच बोलत असतात. आपण ओटीपी सांगू नका, ओटीपी सांगू नका एवढंच इतकी वर्षं घोकून घेतलं की लोकांना वाटतं ओटीपी तोंडाने सांगितला तरच चोरी होते. चोर केव्हाच पुढे गेला.

झालं काय असणार ते सांगतो. त्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असणार (म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून थेट फोनमध्ये टाकायची ॲपची फाइल), नाव वीज बिल अपडेट किंवा असंच काहीतरी. असं ॲप उघडलं की पहिल्यांदा परवानग्या मागतं, आणि त्यात एक असते एसएमएस वाचायची आणि पाठवायची. म्हातारा माणूस अलाव, अलाव, अलाव करत जातो, तरुणही तेच करतात, उगाच म्हाताऱ्यांना बोल लावायला नको. ती परवानगी मिळाली की त्या फोनवर येणारा प्रत्येक मेसेज गुपचूप दुसरीकडे जातो, बऱ्याचदा थेट टेलिग्रामवरच्या एखाद्या बॉटकडे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्याकडे. म्हणजे ओटीपी सासऱ्यांनी सांगितला नाही, त्यांच्या फोनने सांगितला. कधीकधी तर तो मेसेज स्क्रीनवर दिसतही नाही.

मग दहा रुपये कशाला? दहा रुपयांत त्यांना काडीचा रस नसतो. दहा रुपये भरायच्या पेजवर डेबिट कार्डाचा नंबर, एक्सपायरी, मागचे तीन आकडे, जन्मतारीख, नेटबँकिंगचं युजरनेम असं सगळं विचारतात, आणि रक्कम इतकी किरकोळ ठेवतात की माणूस म्हणतो जाऊदे दहा रुपये, कटकट मिटली. पेमेंट फेल झालं असं दाखवतात, परत प्रयत्न करा, दुसरं कार्ड वापरा, आणि माणूस दुसऱ्या बँकेचं कार्डही काढून देतो! पेमेंट फेल व्हायचंच असतं, कारण पेमेंट तिथे नव्हतंच, होता तो फक्त फॉर्म.

आता यूपीआयचा भाग, जो बहुतेकांना माहीत नसतो. नवीन फोनवर यूपीआय ॲप सुरू करताना बँकेला खात्री हवी असते की खात्याला जोडलेलं सिम याच फोनमध्ये आहे, म्हणून ॲप त्या सिमवरून काहीतरी अगम्य अक्षरांचा एक एसएमएस पाठवतं. तो तुमच्या नंबरवरून गेला की बँकेच्या दृष्टीने फोन तुमचाच. चोर आपल्या फोनवर यूपीआय ॲप उघडतो, त्यातला तो मजकूर तुमच्या फोनमधल्या खोट्या ॲपकडून तुमच्या सिमवरून पाठवून घेतो. मग पिन सेट करायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि एक्सपायरी लागते (ती दहा रुपयांच्या फॉर्मात मिळालेली असते) आणि ओटीपी लागतो (तो आपोआप येतोय). झालं, तुमचं खातं त्याच्या मोबाइलवर. कधी हेच काम ॲपशिवायही करतात, एक कोड पाठवतो तो अमुक नंबरला फॉरवर्ड करा एवढंच सांगतात आणि माणसाला वाटतं यात काय, मी तर ओटीपी देत नाही, उलट मीच मेसेज पाठवतोय.

त्या मेसेजकडे जरा नीट बघा, कारण तो लिहिणारा मूर्ख नाही. मजकूर साधारण असा असतो, डिअर कन्झ्युमर, तुमचं मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री ९.३० वाजता वीज ऑफिसमधून लाइट कापली जाईल, ताबडतोब आमच्या इलेक्ट्रिसिटी ऑफिसरशी संपर्क करा, आणि पुढे मोबाइल नंबर. इंग्रजी मोडकंतोडकं. लोक म्हणतात चुका बघून ओळखायला हवं होतं, पण सरकारी कागदाची भाषा आपण कधी सुरेख बघितलीय? वेळ बघा, ती खरी हुशारी आहे. मेसेज संध्याकाळी येतो, ऑफिस बंद झाल्यावर, म्हणजे सबडिव्हिजनला जाऊन विचारायची सोय नाही, आणि मुदत झोपायच्या आधीची. घरात आजारी माणूस असेल, फ्रीजमध्ये इन्सुलिन असेल तर काय होईल विचार करा. आणि त्यात ग्राहक क्रमांक नसतो, नाव नसतं, कारण त्यांना काहीच माहीत नसतं, लाखोंना तोच मेसेज गेलेला असतो. जो फोन करतो तो आपणहून पुढे येतो. हिंदीत बोलणारा अगदी शांत असतो, "घबराइए मत अंकल, मैं यहीं से अपडेट कर देता हूँ, फोन मत काटिए". फोन मत काटिए हे वाक्य लक्षात ठेवा. फोन चालू राहिला की माणूस मुलाला विचारत नाही, शेजाऱ्याला विचारत नाही.

गोव्यात वीज खातं हे सरकारी खातं आहे, लाइन कापायला माणूस खांबावर चढतो, रात्री साडेनऊला मोबाइल नंबर देऊन कोणी कापत नाही. शंका आली तर १९१२ ला फोन करा किंवा बिलावर छापलेला नंबर लावा. आणखी एक, खऱ्या संस्थेचा एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही, तो अक्षरांच्या नावाने येतो आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी डॅश देऊन एक अक्षर असतं, जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी निरोपाला जी. हे एसएमएसपुरतं खरं, व्हॉट्सॲपवर असलं काही नाही, तिथे कोणीही अशोकस्तंभ डीपीला लावून बसतो.

आता वीज हा फक्त मुखवटा. तोच माणूस उद्या ई-चलनाची एपीके पाठवेल, परवा लग्नाची पत्रिका म्हणून पाठवेल. आपल्याकडे सरकारच्या गृह आधार योजनेचे १,५०० रुपये आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे २,००० रुपये कितीतरी घरांत येतात, हप्ता अडकला म्हटल्यावर माणूस काहीही भरायला तयार होतो, आणि पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना आला की दाखला ऑनलाइन करून देतो म्हणणारे फोन सुरू होतात. गणेशचतुर्थीच्या आधी कुरियरचं पार्सल अडकतं. ज्या गोष्टीची माणूस आधीच वाट बघतोय तिचंच नाव घ्यायचं, एवढं एक त्यांना पक्कं कळलेलं आहे.

लिंकबद्दल. कुलूप दिसतंय म्हणजे साइट सुरक्षित हे डोक्यातून काढा. कुलूप एवढंच सांगत होतं की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये मधे कोणी ऐकत नाही, साइट चोराची असेल तर चोराशी तुमचं बोलणं अगदी सुरक्षित चाललंय! सर्टिफिकेट फुकट मिळतं, पाच मिनिटांत. क्रोमने तर २०२३ मध्ये ते कुलपाचं चिन्हच काढून टाकलं. पत्ता वाचायचा तर सुरुवातीचं https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत जा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटचे दोनतीन तुकडे म्हणजे खरा मालक. बँकेचं नाव सुरुवातीला असून काही उपयोग नाही, ते कोणीही लिहितो. यात एक चांगली गोष्ट झालीय, रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन (.bank.in) वर जायला सांगितलं, आणि हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. म्हणजे बँकेची साइट म्हणून काही उघडलं आणि रेघेच्या आधी शेवटी बँक डॉट इन नाही, तर बंद करायचं आणि बँकेत विचारायचं. मधे डॅश टाकून बँक-इन डॉट कॉम असलं काही असेल तर तेही नको.

आणि पेज हुबेहूब दिसतं म्हणून खरं, असंही नाही. पूर्वी खोटं पेज म्हणजे खऱ्या पेजचा फोटो काढल्यासारखं असायचं, आत काही चालायचं नाही. आता जे येतं ते खऱ्या साइटला मधे बसून जोडलेलं असतं. तुम्ही पासवर्ड टाकला की तो खऱ्या साइटला जातो, खरी साइट तुम्हाला खरा ओटीपी पाठवते, तुम्ही तो टाकता, तोही पुढे जातो, आणि तुमचं खरंच लॉगिन होतं. वाटेत पोस्टमनने पत्र उघडून वाचून परत चिकटवून दिलं तर कसं कळणार, तसं. लॉगिन झाल्यावर साइट ब्राउझरला एक कुकी देते, याला आता पुन्हा विचारायला नको अशी, आणि ती कुकी मधल्याकडे राहते. मग त्याला तुमचा पासवर्डही नको आणि ओटीपीही नको. म्हणून मी लोकांच्या पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड जपून आपोआप भरणारं ॲप) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉगिन) वापरा म्हणून मागे लागतो, कारण पासकी त्या साइटच्या पत्त्याला बांधलेली असते, डोळा फसला तरी पासकी फसत नाही, पत्ता जुळला नाही की ती पुढे येतच नाही. पासवर्ड मॅनेजरचंही तेच, रोज आपोआप भरणारा पासवर्ड आज भरत नाहीये म्हणजे थांबा, पत्ता वाचा. लोक नेमकं उलट करतात, आज काय झालं याला म्हणून हाताने टाइप करतात.

आता तुमच्या खोल्या. ताई, खरं सांगायचं तर सासऱ्यांच्या प्रकरणापेक्षा मला इथे जास्त काळजी वाटते, कारण तिथे एका माणसाचे पैसे गेले, इथे तुमच्या भरवशावर पासपोर्टची कॉपी दिलेले सगळे पाहुणे आहेत.

सीझनमध्ये गेस्ट हाऊसच्या ईमेलवर एक पत्र येतं. पाहुणा लिहितो, आम्ही मागच्या आठवड्यात तुमच्याकडे राहिलो, आईला गादीतले ढेकूण चावले, हॉस्पिटलचं बिल आणि फोटो या लिंकवर आहेत, उत्तर आलं नाही तर बुकिंग साइटवर तक्रार करतो. किंवा नुसतंच, तुमच्याबद्दल वाईट रिव्ह्यू आलाय, उत्तर द्या. डिसेंबरात रेटिंग खाली गेलं तर काय होतं हे मालकाला माहीत आहे, तो लगेच क्लिक करतो. पेज उघडतं बुकिंग साइटसारखंच आणि तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा म्हणून चौकट येते. नेहमीच्या चौकटीत टिक करतो तसं टिक केलं की खाली सूचना, विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. रिसेप्शनवरचा पोरगा दाबतो. त्या टिक करण्यात पेजने एक कमांड क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे राहतं तिथे, टाकून ठेवलेली असते आणि पोराने ती स्वतःच्या हाताने चालवली. अँटिव्हायरस कधी पकडतो, कधी नाही. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये बुकिंग डॉट कॉमचं नाव घेऊन हॉटेलवाल्यांना असंच फसवणाऱ्या टोळीबद्दल इशारा दिला होता. कुठल्याच खऱ्या साइटला तुम्ही माणूस आहात हे कळायला विंडोज आणि आर दाबून घ्यावं लागत नाही, हे एक वाक्य कागदावर लिहून रिसेप्शनच्या मॉनिटरला चिकटवा.

त्या कमांडने जे येतं ते कॉम्प्युटर बिघडवत नाही, म्हणून कळतही नाही. ते ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, कुकी, डेस्कटॉपवरच्या फाइल उचलतं आणि जातं. दोनचार दिवसांनी पाहुण्यांना, तुमच्या खऱ्या खात्यातून, बुकिंग साइटच्या खऱ्या चॅटमध्ये मेसेज जातो, तुमचं कार्ड व्हेरिफाय झालं नाही, बारा तासांत या लिंकवर करा नाहीतर बुकिंग रद्द. त्यात तारीख बरोबर, रक्कम बरोबर, खोली बरोबर. पुण्याचा किंवा जर्मनीचा माणूस कशाला शंका घेईल? पैसे त्याचे जातात आणि दारात येऊन भांडतो तुमच्याशी.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथलंच. माहिती एका झटक्यात कोणी चोरत नाही, तुकड्यातुकड्याने जमवतात आणि प्रत्येक तुकडा पुढचं खोटं बोलायला वापरतात. नुसता फोन नंबर फालतू वाटतो. नंबर आणि नाव असलं की फोनवर नाव घेऊन बोलता येतं. त्यात बँक कुठली हे कळलं की बँकेतून बोलतोय म्हणता येतं. आधारची झेरॉक्स असली की तुमचे शेवटचे चार आकडे हेच ना असं विचारून समोरच्याचा विश्वास बसवता येतो. म्हणून माझं कोण काय चोरणार, माझ्या खात्यात आहे काय, असं म्हणणारा माणूस मला पटत नाही, त्याच्या माहितीने दुसऱ्याला फसवता येतं, त्याच्या नावाने सिम निघतं, त्याचं खातं पैसे फिरवायला वापरलं जातं आणि एक दिवस त्यालाच पोलिसांचा फोन येतो.

तर तुम्ही काय करायचं. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवावीच लागते, त्यासाठी पासपोर्ट घ्या, पण ती कॉपी रिसेप्शनच्या व्हॉट्सॲपवर मागे तीन सीझन पडून राहायची गरज नाही. कुठे ठेवायची ती एकाच जागी ठेवा, पासवर्डखाली, बाकीच्या सगळीकडून पुसा. देशी पाहुण्यांकडून मास्क्ड आधार चालतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, लोकांना ते डाऊनलोड करता येतं हेच माहीत नसतं. बुकिंग साइटवर पोरांना वेगवेगळी लॉगिन द्या, सगळ्यांना मालकाचा पासवर्ड नको, आणि सीझन संपून पोरगा घरी गेला की त्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद. ज्या कॉम्प्युटरवर बुकिंग त्यावर क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणि गेम नकोत, हे मी सांगतो आणि कोणी ऐकत नाही. आणि सप्टेंबरपासून दर आठवड्याला गुगल मॅप्सवर स्वतःच्या गेस्ट हाऊसचं नाव टाकून बघा की फोन नंबर तुमचाच आहे ना, कारण तिथे नंबर बदलून किंवा तुमचेच फोटो लावून खोटी साइट काढून ॲडव्हान्स घेणारे आहेत, आणि खोली बुक केली म्हणून बॅगा घेऊन आलेलं कुटुंब गेटवर उभं राहिलं की काय बोलायचं ते सुचत नाही.

सासऱ्यांचं आता. १९३० ला फोन केला असेलच, नसेल तर हे वाचून होण्याआधी करा, आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. पैसे दुसऱ्यांच्या भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून मिनिटामिनिटाला पुढे सरकतात, मधल्या बँकेत गोठवायचे तर तेवढाच वेळ असतो. रायबंदरला सायबर क्राइम पोलीस ठाणं आहे, पण आधी जवळच्या ठाण्यात गेलात तरी चालतं, उगाच पेडण्याहून रायबंदरला पोचेपर्यंत थांबू नका. बँकेला लेखी द्या आणि तक्रार नंबर घ्या, तोंडी नको. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काही येत नाही. बँक म्हणेल यांनी स्वतःच कार्ड नंबर भरला म्हणजे निष्काळजीपणा, आणि त्यात बँकेचं थोडं खरंही आहे, पण निष्काळजीपणा धरला तरी तुम्ही कळवल्यानंतर जे जातं ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर हवी. सगळे पैसे परत येतील असं मी सांगणार नाही, गोठवलेले तेवढे सोडवता येतात, एटीएममधून काढले गेले ते गेले.

फोनचं नेट बंद करा, ॲपचं नाव आणि त्या चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मगच ॲप काढा. निघत नसेल तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन बघा, तिथे ते स्वतःला बसवून घेतं. मी तर फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन पूर्ण रिसेटच करतो. कार्ड ब्लॉक, नेटबँकिंगचा पासवर्ड बदल, यूपीआय बंद हे सगळं दुसऱ्या फोनवरून, त्या फोनवरून नाही, नाहीतर नवीन पासवर्डही त्यालाच मिळेल. कॉल फॉरवर्डिंग लावलं असेल तर ##002# डायल केलं की जातं. आणि एनीडेस्कसारखं, म्हणजे दुरून तुमचा फोन चालवू देणारं, काही ॲप राहिलंय का ते बघा, रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच त्याबद्दल बँकांना सावध केलं होतं.

शेवटचं एक, याबद्दल सासऱ्यांना आजच सांगा. एकदा फसलेल्यांची यादी विकली जाते. पुढच्या पंधरवड्यात कधीतरी फोन येईल, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा, आणि त्याच्याकडे गेलेली रक्कम, तारीख, बँक सगळं अचूक असेल, कारण ते त्यांच्याकडेच आहे. पोलीस पैसे परत द्यायला फी घेत नाहीत. तो फोन आला की सासऱ्यांनी काही न बोलता तुमच्या हातात द्यावा एवढं ठरवून ठेवा, आणि घरात त्यांना उठताबसता टोमणे मारू नका, नाहीतर तो दुसरा फोन ते तुमच्यापासून लपवून ठेवतील.